शिवणाच्या बाई आणि आठ सिलिंडरची म्हैस

शिवणाच्या बाईंना 'हे काही व्हायचं नाही' असं तोंडावर सांगणारा माणूस आमच्या चाळीत एक तर नवीन आलेला असायचा, नाहीतर टाकून आलेला. जुन्या माणसांची ती हिंमतच नव्हती. हे वाक्य कानावर पडलं की बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या, समोरच्याला कमरेपासून खांद्यापर्यंत एकदा डोळ्यांनी मापायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "कोण म्हणतो?" संपलं. त्यानंतर ते काम व्हायचंच. जिन्यातला दिवा लागायचा, तुंबलेली मोरी वाहायची, आणि ज्याने 'व्हायचं नाही' म्हटलेलं असायचं तो बाईंसाठी शिडी धरून उभा असायचा.

परळला मुन्शिपाल्टीच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. मीही त्यांच्या हाताखालून गेले. माझी काजं बघून त्या म्हणायच्या, "रेखे, हे काज आहे की उंदराने कुरतडलंय?" पुढे मी बँकेत लागले, खुर्ची मिळाली, चार माणसं मला मॅडम म्हणायला लागली, पण चाळीच्या नळावर बाई भेटल्या की मी हात मागे लपवायची. त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मापाचा मिळाला नाही." वर्षानुवर्षं हे एकच उत्तर, आणि दर वेळी विचारणाराच लाजायचा.

आणि बाईंच्या दारासमोर, बदामाच्या झाडाखाली, उभी होती म्हैस. म्हैस म्हणजे गाडी. काळी, लांब, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी. बॉनेट एवढं मोठं की दुपारी त्यावर दोन पोरं आडवी झोपायची. ज्यांनी ती तरुणपणी पाहिली होती ते सांगायचे, की ती गल्लीत शिरली की घराघरातली भांडी वाजायची. आम्ही पाहिली ती गंजलेली. दारं खालून कुरतडलेली, मडगार्डाला भोकं, वायपरच्या खाचेतून उगवलेलं पिंपळाचं रोप. मांजरी तिच्यातच बाळंत व्हायच्या. क्रिकेटमध्ये चेंडू म्हशीला लागला की आऊट, हा नियम आमच्या वडलांच्या वेळेपासूनचा.

गाडी आली कशी, ते सांगायला हवं. बाईंचे वडील, बापू, वाळकेश्वरच्या एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठ सगळं आवरून परदेशी गेले तेव्हा गाडीची किल्ली बापूंच्या हातात ठेवून म्हणाले, "बापू, ही तुझी." कागदही करून दिले. कुणी दुसरा असता तर बायकापोरांना बसवून त्याच संध्याकाळी चौपाटी दाखवून आणली असती. बापूंनी गाडी चाळीत आणून लावली, वर ताडपत्री घातली, आणि दर रविवारी ती धुवायला लागले. घरातल्या कुणालाही मागे बसू दिलं नाही. पोरांनी हट्ट केला तर म्हणायचे, "आपण चालवणारे. मागे बसणारे वेगळे." मागची ती सीट लाल रेक्झिनची होती. बाई लहानपणी काचेला नाक लावून ती बघायच्या आणि बापू फडक्याने त्यांच्या नाकाचा डाग पुसून काढायचे.

एकदा बाईंची आई आजारी पडली. ताप उतरेना, शुद्ध हरपायला लागली. तेव्हा गाडी चालू होती, टाकीत पेट्रोल होतं, किल्ली खुंटीवर होती. बापू टॅक्सी शोधायला नाक्यापर्यंत धावत गेले. टॅक्सी मिळाली, हॉस्पिटल गाठलं, आणि काही दिवसांनी आई तिथेच गेली. टॅक्सीमुळे काही उशीर झाला नव्हता, दुखणंच मोठं होतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण बाईंच्या धाकट्या भावाने, दत्ताभाऊंनी, स्मशानातून आल्यावर गाडीकडे बघून शपथ घेतली, की हिला मी जन्मात हात लावणार नाही. बापूंनीच त्यांना याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलेलं. पुढे तेही ड्रायव्हरच झाले, एका कंपनीच्या साहेबांना मागे बसवून रिटायर होईपर्यंत फिरले. पण म्हशीला त्यांनी हात लावला नाही. दत्ताभाऊ पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या गॅलरीतून खाली बघितलं की गाडीचं टप दिसायचं, म्हणून ते तिथे उभे राहून कायम समोरच्या भिंतीकडे बघायचे.

बाईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणायच्या, "गाडीवर राग धरून काय होणार? गाडीने कधी म्हटलं होतं बसू नका म्हणून? आपणच घाबरलो." हे त्या असं म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच घाबरलो होतो.

बापूंच्या मागे गाडी कायमची बंद पडली, पण दसरा चुकला नाही. चाळीतल्या सगळ्या वाहनांची पूजा व्हायची, सायकली, स्कूटर, भाजीवाल्याची हातगाडी, आणि म्हशीचीसुद्धा. झेंडूचा हार, हळदकुंकू आणि चाकाखाली लिंबू. आता लिंबू चिरडायचं तर गाडी हलायला हवी, आणि गाडी तर बंद. मग बाई सगळ्यांना हाका मारायच्या. पुरुष कुरकुरत यायचे, कुणी बनियनवर, कुणी दाढी अर्धी टाकून. "एक, दोन, हां!" करून म्हशीला हातभर ढकलायचे, लिंबू फुटायचं, बाई पेढे वाटायच्या. दर दसऱ्याला. दत्ताभाऊ सोडून सगळे असायचे. त्या हातभर ढकलण्यामुळे चाकं कधी पुरती जाम झाली नाहीत, हे आम्हाला फार पुढे कळलं.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. बैठका झाल्या, भांडणं झाली, सह्या झाल्या. त्या धामधुमीत समितीच्या अध्यक्षांना एकदम स्वच्छतेची उबळ आली. अध्यक्ष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे सामंत. माणूस वाईट नाही, पण हातात शिट्टी दिली की वाजवल्याशिवाय राहवत नाही, त्यातला. त्यांनी फळ्यावर लिहिलं, की आवारातलं भंगार मालकांनी हलवावं, नाहीतर समिती भंगारवाल्याला बोलावेल. आवारात भंगार म्हणावं असं एकच होतं.

बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. सामंत मागेच होते.

"बाई, मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "पण तिचं आता काय होणार? भंगारवाला टोचन लावून ओढून नेईल. त्रास नाही काही."

"ओढून?" बाई म्हणाल्या. "सामंत, ती या आवारातून जाईल. चाळ रिकामी होईल त्या दिवशी जाईल. पण स्वतःच्या इंजिनावर जाईल. आणि मागच्या सीटवर आमच्या घरातलं माणूस बसलेलं असेल."

"अहो, हे काही व्हायचं..." सामंत मधेच थांबले. पण उशीर झाला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

त्या संध्याकाळी बाईंनी गळ्यात टेप अडकवली आणि म्हशीची मापं घ्यायला सुरुवात केली. रिटायर झालेली बाई, गुडघे दुखणारे, आणि गाडीखाली चटई टाकून उताणी पडलेली. मी ऑफिसातून आले तर मला फक्त दोन पाय दिसले. घाबरलेच! आतून आवाज आला, "रेखे, टॉर्च धर आणि ओरडू नकोस." मी बँकेची पर्स खांद्यावर तशीच ठेवून टॉर्च धरला. तेव्हापासून चाळ सुटेपर्यंत माझा एक रविवार माझा राहिला नाही.

शिकल्या कशा, असं सगळे विचारतात. मोबाईलवर बघून शिकल्या, लालबागच्या गॅरेजवाल्यांचं डोकं खाऊन शिकल्या, आणि खरं सांगायचं तर गॅलरीतून शिकल्या. दत्ताभाऊंनी शपथ मोडली नाही. गाडीला हात नाही म्हणजे नाही. पण खाली चुकीचं काही चाललेलं त्यांना बघवायचं नाही. पहिल्या रविवारी बाई इंजिन हाताने फिरवायचा प्रयत्न करत होत्या. ते ढिम्म हलेना. वरून समोरच्या भिंतीकडे बघत दत्ताभाऊ मोठ्याने म्हणाले, "जाम झालेला इंजिन असा फिरवतत काय? मोडतला! प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवचा लागता. आठ दिवस!"

बाईंनी मान वर केली नाही. "कोण बोलतंय गं वर?" त्यांनी मला विचारलं.

"दत्ताभाऊ."

"भिंतीशी बोलतोय ना? बोलू दे. डिझेल आण."

पुढे हीच पद्धत पडली. बाई खाली काम करायच्या, दत्ताभाऊ वर उभे राहून भिंतीला शिकवायचे. भिंतीला कार्ब्युरेटर समजावून सांगितला, ब्रेक समजावले, वायरिंग समजावलं. मधूनच भिंतीवर संतापायचे, "अगो उलटा बसवलंस!" आणि बाई सुलटं करायच्या. दोघं एकाच ताटात जेवायची, सणाला एकमेकांकडे जायची, पण गाडीबद्दल समोरासमोर एक अक्षर नाही. मला तर कधी कधी त्या भिंतीची दया यायची.

भोकांचं प्रकरण मात्र भिंतीच्याही हाताबाहेरचं होतं. मडगार्डं आणि दारं चाळणी झालेली. शेजारच्या खोलीतला अण्णा गणपतीच्या कारखान्यात कामाला. तो म्हणाला, "बाई, एवढंच ना? मी हत्तीची सोंड बसवतो, ही भोकं म्हणजे काय!" आणि पठ्ठ्याने दोन दिवसांत सगळी भोकं प्लास्टरने बुजवली. काय सफाई होती! हात फिरवला तर गणपतीच्या गालावरून फिरल्यासारखा. वर काळा रंगही मारला. चाळ बघायला लोटली, सामंतांनीसुद्धा मान डोलावली. मग पाऊस लागला. आठवड्याभरात प्लास्टर फुगलं आणि एका सकाळी दाराचा खालचा भाग भसकन खाली आला. सगळ्या चाळीसमोर म्हैस पुन्हा नागडी. अण्णा तोंड लपवून कारखान्यात गेला तो उशिरा परतला. बाईंनी त्याला बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, "तुझी चूक नाही रे. तुमचं काम दहा दिवस टिकायचं, मग विसर्जनच. मला विसर्जन करायचं नाहीये."

मग खरा पत्रा आला. वेल्डिंगवाला सपाट तुकडे कापून बसवायला गेला तर मडगार्डाच्या गोलाईवर ते बसेनात. कडा उचलायच्या, फटी राहायच्या. तो वैतागून म्हणाला, "ताई, गोल जगह पे सीधा पत्रा नहीं बैठता." बाई थोडा वेळ मडगार्डाकडे बघत राहिल्या. मग घरात गेल्या, जुनं वर्तमानपत्र आणि टाचण्या घेऊन आल्या, आणि मडगार्डावर ब्लाऊजचं कटिंग करतात तसं कागदाचं कटिंग केलं. गोलाई आली तिथे कागद चिमटून टाचणी लावली, टक्स घेतले. तोच कागद पत्र्यावर ठेवून पत्रा कापायला लावला, टक्सच्या चिरा जोडून वेल्डिंग करायला लावलं. पत्रा अंगासरशी बसला. वेल्डिंगवाल्याने काच वर करून विचारलं, "ये कहाँ सीखा?" बाई म्हणाल्या, "आठवीच्या वर्गात." चाळीतल्या बायकांनी मात्र लगेच हिशेब लावला, की म्हशीची छाती कुणाच्या मापाची. त्यावर जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

सीट बाईंनी स्वतः शिवली. तसंच लाल रेक्झिन शोधून आणलं, दाभणाने शिवलं, बोटांना चिंध्या बांधून. मागची सीट व्हरांड्यात काढून ठेवली होती. शिवून झाली, फुगवटा आला, चकचकीत दिसायला लागली. मी म्हटलं, "बाई, बसून तरी बघा, टाके ताणतात का ते." त्यांनी हाताच्या तळव्याने दाबून बघितली, पण बसल्या नाहीत.

"बंद गाडीत काय बसायचं?" म्हणाल्या. "ती खुर्ची झाली."

"मग चालू झाली की पहिल्यांदा तुम्हीच ना?"

"आधी चालू तर होऊ दे." एवढं बोलून त्या दोऱ्याचं टोक दाताने तोडायला लागल्या. सगळी चाळ धरून चालली होती, की मागे बाईच बसणार. मीही. मग चालवणार कोण, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न बाईंनीच सोडवला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथला शिकवणारा पोरगा म्हणाला, "आजी, या वयात?" पुढचं तुम्हाला माहीत आहे. लायसन्स मिळालं. गाडीच्या कागदांसाठी त्यांनी सरकारी साहेबांना गाडी बघायला थेट चाळीत यायला लावलं. कसं, ते मी सांगणार नाही, कारण त्या साहेबांची मला अजून कीव येते.

पण म्हशीचा गियर होता स्टिअरिंगच्या दांड्याला. असला गियर हल्ली कोण शिकवणार? सीटवर टॉवेल पसरून बाई पुढे बसायच्या, दांडा ओढायच्या आणि गॅलरीतून आवाज यायचा, "तुझ्याकडे ओढ आणि खाली! अगो खाली! दह्याची रवी हा काय ती?"

इंजिन पहिल्यांदा लागलं तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. खूप वेळ नुसतं खरखरलं. मग एकदम असा आवाज झाला, की बदामावरचे कावळे उडाले. आठही सिलिंडर बोलायला लागले. जमीन थरथरायला लागली, आणि मागून काळ्या धुराचा लोट निघाला तो थेट गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांपर्यंत. सामंतीणबाई किंचाळत बाहेर आल्या, पोरं नाचायला लागली, अण्णाने ताशासारखा डबा वाजवला. मी वर बघितलं. दत्ताभाऊ पहिल्यांदाच भिंतीकडे नाही, खाली बघत होते. दोन्ही हातांनी कठडा धरून. माझी नजर पडताच ओरडले, "चोक बंद कर सांग तिका! पेट्रोल पिता नुसती!" आणि आत निघून गेले. त्यांचा आवाज ओला होता. मला आवाज कळतो.

बाई आता नाहीत. संक्रमण शिबिरातल्या खोलीत राहायला गेल्यावर वर्षभरातच गेल्या, टॉवर काही त्यांना बघायला मिळाला नाही. मला त्याचा संताप येतो, अजून येतो. ज्या माणसांनी त्या जागेत जन्म काढला त्यांनी असल्या कोंदट खोलीत वाट बघत मरायचं, हा काय न्याय आहे? पण बाईंवर लिहिताना रडायचं नाही असं मी ठरवलंय. त्यांना रडकं शिवणसुद्धा चालायचं नाही, ढिला टाका दिसला की उसवायला लावायच्या. म्हणून चाळ सोडली त्या सकाळचं सांगते.

सगळ्यांचं सामान निघत होतं. टेम्पो गेटाबाहेर रांगेने उभे. लोक गाद्या, कपाटं, देव्हारे डोक्यावर घेऊन बाहेर नेत होते. म्हैस तुकतुकीत काळी, गळ्यात हार, टाकी भरलेली. बाई नवी इरकल नेसून स्टिअरिंगवर. इंजिन सुरू झालं, चाळ टाळ्या वाजवायला लागली. मागची सीट रिकामी बघून मी म्हटलं, "बाई, हे काय? मागे कोण?" त्या म्हणाल्या, "आधी गेट." गाडी हळूहळू गेटापाशी गेली, आणि थांबली.

गेट अरुंद होतं. चार बोटं कमी पडत होती.

बापूंनी गाडी आत आणली तेव्हा तिथे नुसते दोन लाकडी खांब होते. मधल्या काळात समितीने एका बाजूला वॉचमनची केबिन बांधली आणि दुसऱ्या बाजूला विटांचा जाडजूड खांब, वर संगमरवरी पाटी, पाटीवर अध्यक्ष सामंत यांचं नाव. सकाळपासून आम्ही सगळे बघत होतो, की टेम्पो आत येत नाहीत म्हणून सामान डोक्यावरून बाहेर न्यावं लागतंय. एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. आणि बाई! ज्या बाईंनी म्हशीचा खिळान्‌खिळा मापला, त्यांनी गेटाला टेप लावली नव्हती.

बाई खाली उतरल्या. गेटाला टेप लावली, गाडीला लावली, पुन्हा गेटाला लावली. मग वॉचमनच्या स्टुलावर बसल्या. चष्मा काढून हातात धरला. त्यांचे डोळे भरून आलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. बिल्डरचा माणूस घड्याळ बघत होता. सामंत जवळ येऊन खरोखर मायेने म्हणाले, "बाई, तुम्ही हरला नाहीत. चालू केलीत ना? आता गॅसकटरने दोन भाग करू, नाहीतर क्रेनने..."

"सरका." मागून आवाज आला.

दत्ताभाऊ. पायजमा वर खोचलेला, हातात पाण्याच्या टाकीजवळची पहार. कुणाकडे न बघता ते खांबापाशी गेले आणि पहिला घाव घातला.

"दत्ता!" सामंत ओरडले. "समितीची मालमत्ता आहे!"

"उद्या बुलडोझर येतलो, तेका सांगशात मालमत्ता?" दत्ताभाऊंनी दुसरा घाव घातला. "अख्खी चाळ पाडूक तुम्ही सह्या केल्यात. मी एक खांब पाडतंय."

बिल्डरचा माणूस पुढे झाला, "परवानगीशिवाय तोडफोड..." एवढं म्हणाला असेल नसेल, मीच त्याच्यासमोर उभी राहिले. काय बोलले ते नीट आठवत नाही. पण तो टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहिला. अण्णा हातोडा घेऊन आला. मग कुणी बत्ता आणला, कुणी नुसत्या हाताने विटा ओढायला लागलं. पस्तिशीतले, साठीतले, दर दसऱ्याला कुरकुरत ढकलणारे सगळे. पाटी निखळली तेव्हा दत्ताभाऊंनी ती सांभाळून दोन्ही हातांनी उचलली आणि सामंतांना दिली. "नव्या घरात लावा." सामंत ती पाटी पोटाशी धरून उभे राहिले, आणि मग खरं सांगते, त्यांनीच पायाने उरलेल्या विटा बाजूला केल्या.

गाडी बाहेर आली. केबिनच्या बाजूला बोटभर जागा ठेवून, कुठे न घासता, बाईंनी ती रस्त्यावर काढली. दत्ताभाऊ धुळीने माखलेले, पहार टेकून धापा टाकत उभे. बाई इंजिन चालू ठेवूनच खाली उतरल्या. वळसा घालून मागच्या दाराशी आल्या, दार उघडलं, आणि ते धरून उभ्या राहिल्या. ताठ, एक हात दाराला, एक हात मागे. बापू शेठसाठी असेच उभे राहत असणार.

"दत्ता, बस."

"मी?" दत्ताभाऊंना कळेना. "मी पुढे बसतंय, गियर..."

"गियर मला येतो. तू आयुष्यभर लोकांना मागे बसवलंस. आता तू मागे बस."

"ताये, माझे पाय मळलेले आसत."

"मळू दे. आपली सीट आहे."

दत्ताभाऊंनी पहार माझ्या हातात दिली. गाडीच्या टपाला अलगद हात लावला, आईच्या मरणानंतर पहिल्यांदा, आणि वाकून आत बसले. आधी अगदी कडेला. मग बाई तशाच दार धरून उभ्या आहेत हे बघून हळूहळू सरकले आणि पाठ टेकली. त्यांच्या गालावरच्या धुळीत पाण्याचे ओघळ झाले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. बाईंनी दार लावलं, पुढे जाऊन बसल्या, आरसा नीट केला आणि आरशातच बघून विचारलं, "कुठे घेऊ, शेठ?"

आम्ही सगळे खिडकीशी दाटलो होतो. दत्ताभाऊंनी लाल सीटवरून एकदा तळहात फिरवला.

"खंय पण ने," ते म्हणाले. "पण आधी हॉर्न मार गो ताये. सगळ्यांका कळांदे."

बाईंनी हॉर्नवर हात ठेवला, आणि गाडी वरळीच्या दिशेने वळून दिसेनाशी होईपर्यंत तो काही काढला नाही.